उघडी राहून गेलेली सामाईक एक्सेल फाईल आपोआप बंद करायची कशी

दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली की जिनिंगच्या ऑफिसात सगळ्यांचं काम एकाच फाईलवर येऊन पडतं. काट्यावर भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन त्याच आवक फाईलमध्ये, ग्रेडरने ठरवलेला भाव तिच्यातच, आणि आत बसलेल्या कॅशियरला शेतकऱ्याचा चुकारा काढायचा तर तोही तिथूनच. काट्यावरचे नाना फाईल उघडी ठेवून गाडी बघायला गेले की आतल्या संगणकावर ‘फाईल वापरात आहे’ असा निरोप येतो. मग पोऱ्याला पळवा, नाहीतर खिडकीतून हाका मारा, "नाना, फाईल बंद करा बरं!" तोवर बाहेर शेतकरी पावती हातात धरून उभा.

जामनेर, धरणगावचं जिनिंग असो, रावेरकडचं केळीचं ऑफिस असो की शहाद्याचं खत-बियाण्याचं दुकान, जिथे दोन-तीन संगणक एका नेटवर्कवर आहेत तिथे ही अडचण येतेच. फाईल ठरावीक वेळ हालचालीविना पडून राहिली तर तिने स्वतःच बंद व्हावं, अशी सोय एक्सेलमधल्या मॅक्रोने (फाईलमध्येच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामने) करता येते. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, एक दुपार शांतपणे बसायची तयारी हवी. पुढची पद्धत विंडोज संगणकावरच्या एक्सेलची आहे. मोबाईलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत.

आधी अडचण नीट समजून घ्या

शेअर केलेल्या फोल्डरमधली साधी फाईल जो आधी उघडेल त्याच्याकडे तिचा लिहिण्याचा हक्क जातो. दुसऱ्याला ती फक्त वाचण्यासाठी मिळते, आणि तीसुद्धा त्याने उघडली त्या घडीला जशी होती तशी. त्यानंतर काट्यावर चढलेली वजनं त्याला दिसत नाहीत. खरा धोका पुढे आहे. घाईत तो माणूस वाचण्यापुरत्या प्रतीत नोंद करतो आणि वेगळ्या नावाने सेव्ह करतो. संध्याकाळी फोल्डरमध्ये ‘आवक’, ‘आवक नवीन’ आणि ‘आवक फायनल’ अशा तीन फाईली बसलेल्या असतात आणि एकाच पावतीची दोन वजनं निघतात. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब असा दोन ठिकाणी असणं मला अजिबात मान्य नाही. हा खटाटोप करायचा तो एवढ्याचसाठी.

एक्सेल फाईल उघडते तेव्हा त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली छोटी फाईल तयार होते. तिच्या नावाच्या सुरुवातीला वेलांटीसारखं चिन्ह आणि डॉलरचं चिन्ह असतं. फाईल कोणी उघडली त्याचं नाव तिच्यात असतं, आणि ‘वापरात आहे’ या निरोपात दिसणारं नाव ते हेच. पण बऱ्याच ठिकाणी तिथे नुसतं ‘युजर’ किंवा संगणकाच्या कंपनीचं नाव येतं, त्यातून काहीच कळत नाही. म्हणून पहिलं काम अगदी सोपं करा: प्रत्येक संगणकावर एक्सेलच्या फाईल मेनूतून ऑप्शन्समध्ये जा आणि जनरलमधल्या युजर नेमच्या जागी ‘काटा’, ‘कॅश’, ‘ग्रेडिंग’ असं लिहा. एवढ्यानेच अर्ध्या हाका वाचतील. त्या निरोपात ‘नोटिफाय’ नावाचं बटणही असतं. ते दाबलं तर फाईल मोकळी झाल्यावर एक्सेल स्वतः कळवतं. हेही सगळ्यांना दाखवून ठेवा.

तुम्हाला हे खरंच हवं आहे का?

सगळ्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल, इंटरनेट दिवसभर टिकत असेल आणि फाईल वनड्राइव्हवर ठेवता येत असेल, तर एकाच वेळी अनेकजण त्याच फाईलमध्ये लिहू शकतात. गूगल शीट्समध्येही तसंच. तिथे कोणी कोणाला अडवत नाही, त्यामुळे आपोआप बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही. तुमची गत अशी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तो मार्ग धरा. पण गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये नेट कधी येतं कधी जातं, एका संगणकावर जुनं एक्सेल असतं, आणि मालकांना हिशोब बाहेरच्या सर्व्हरवर नको असतो. अशा ठिकाणी पुढे वाचा.

कोड लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, किती मिनिटं. काट्यावर दोन गाड्यांमध्ये सहज दहा मिनिटं जातात, त्यामुळे पाच मिनिटांची मर्यादा ठेवली तर नाना वैतागतील आणि चार दिवसांत मॅक्रो काढून टाकायला लावतील. तेरा मिनिटांनी सूचना आणि त्यानंतर दोन मिनिटांनी बंद, इथून सुरुवात करा. हंगामाच्या गर्दीत कमी करता येईल.

दुसरी, अर्धवट नोंदीचं काय. यावर सगळ्यांनी एकत्र बसून बोला. ज्या फाईलमध्ये एक ओळ म्हणजे एक गाडी, तिथे बंद करताना सेव्ह करणंच योग्य, कारण रिकामं वजन राहिलं असलं तरी भरलेलं वजन हरवता कामा नये. पण भावाचा तक्ता किंवा रुईच्या उताऱ्याचं (कापसातून किती रुई निघते त्याचं) गणित असलेली फाईल असेल, तर कोणीतरी ‘असं केलं तर किती पडेल’ म्हणून आकडे बदलून बघत असतो, आणि ते मूळ फाईलमध्ये गेले तर अनर्थ होतो. अशा फाईलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून मूळ फाईल न सेव्ह करता बंद करायची. माझं मत विचाराल तर प्रत दोन्ही प्रकारांत ठेवा. डिस्कवरची जागा स्वस्त आहे, गाडी पुन्हा काट्यावर आणणं नाही.

तिसरी, ही सोय कोणत्या फाईलवर लागू करायची. सगळ्या फाईलींना लावू नका. ज्या एक-दोन फाईलींवर लोक अडतात तेवढ्याच घ्या.

फाईल तयार करणे

मूळ फाईलची प्रत काढा आणि सगळं काम प्रतीवर करा. ती मॅक्रो चालणाऱ्या प्रकारात, म्हणजे एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा. नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारात मॅक्रो टिकत नाही.

मग एक नवीन शीट घ्या आणि तिला ‘सेटिंग’ नाव द्या. बी१ मध्ये १३, बी२ मध्ये २, बी३ मध्ये सूचनेचं वाक्य आणि बी४ मध्ये बटणावरचा शब्द लिहा. मिनिटं इथे ठेवली की पुढे ती बदलायला कोडला हात लावावा लागत नाही. मराठी वाक्यं इथे ठेवण्याचं कारण वेगळं आहे: मॅक्रोच्या एडिटरमध्ये देवनागरी टाइप केली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. साध्या मेसेज बॉक्समध्येही तेच होतं. सेलमधलं मराठी वाक्य वाचून फॉर्मवरच्या लेबलमध्ये टाकलं तर ते नीट दिसतं. लेबलचा फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल ठेवा, आणि फॉर्मच्या वरच्या पट्टीवरचं नाव मात्र इंग्रजीतच असू द्या.

त्याच कारणाने कोडमध्ये शीटचा उल्लेख तिच्या मराठी नावाने करू नका. एडिटरमध्ये शीट निवडून प्रॉपर्टीज खिडकीत तिचं आतलं नाव इंग्रजी अक्षरांत द्या आणि तेच वापरा.

मॅक्रो

ऑल्ट आणि एफ११ एकत्र दाबलं की एडिटर उघडतो. डाव्या बाजूला फाईलच्या नावाखाली ‘धिसवर्कबुक’ दिसेल. इन्सर्ट मेनूतून एक मॉड्यूल (कोड लिहायचं पान) आणि एक युजरफॉर्म (सूचनेची छोटी खिडकी, पुढे नुसतं फॉर्म) घाला. खालची सगळी नावं कोडमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

बहुतेकजण दर क्लिकला जुना टायमर रद्द करून नवा लावतात. त्याऐवजी असं करा: कोणी काही केलं की फक्त वेळ टिपून ठेवायची, आणि दर मिनिटाला एक छोटी तपासणी चालवून ‘शेवटच्या हालचालीला किती वेळ झाला’ एवढं बघायचं. टायमर एकच राहतो, गुंता कमी होतो.

१. मॉड्यूलमध्ये सर्वांत वर तीन पब्लिक व्हेरिएबल (वेळ जपून ठेवायच्या जागा) घ्या, तिन्ही डेट प्रकारची: शेवटची हालचाल, पुढची तपासणी, आणि सूचना कधी दाखवली.

२. टायमर सुरू करणारी प्रोसीजर (नाव दिलेला कोडचा तुकडा): ‘पुढची तपासणी’मध्ये नाऊ अधिक एक मिनिट ठेवा (एक मिनिटासाठी टाइमसीरियल फंक्शन वापरा) आणि ॲप्लिकेशनच्या ऑनटाइमला ती वेळ आणि तपासणीच्या प्रोसीजरचं नाव द्या. ती वेळ व्हेरिएबलमध्ये जपणं फार महत्त्वाचं आहे, कारण टायमर रद्द करताना नेमकी तीच वेळ आणि तेच नाव परत द्यावं लागतं. सेकंदाचाही फरक पडला तर तो रद्द होत नाही.

३. टायमर थांबवणारी प्रोसीजर: तोच ऑनटाइम, तीच वेळ, तेच नाव आणि शेड्यूल हे फॉल्स. टायमर चालू नसेल तर इथे एरर येते, म्हणून वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहा. शेवटी ‘पुढची तपासणी’ शून्य करा.

४. तपासणीची प्रोसीजर. हिचा क्रम नीट पाळा.
 – शेवटची हालचाल शून्य असेल तर तिच्यात आत्ताची वेळ भरा. कोड मध्येच अडकून कोणी ‘एंड’ दाबलं तर सगळी व्हेरिएबल पुसली जातात. शून्य म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची वेळ, आणि एवढा फरक सेकंदांत मोजायला गेलं तर एरर येऊन तपासणी तिथेच अडकेल.
 – सूचना अजून दाखवलेली नसेल आणि हालचालीला बी१ एवढी मिनिटं होऊन गेली असतील, तर फॉर्म दाखवा आणि सूचनेची वेळ टिपा. वेळेतला फरक डेटडिफने सेकंदांत मोजा. मिनिटांत मोजलं तर ते फंक्शन घड्याळातला मिनिटाचा आकडा किती वेळा बदलला तेवढंच सांगतं.
 – सूचना दाखवलेली असेल आणि तिला बी२ एवढी मिनिटं झाली असतील, तर फाईल बंद करणारी प्रोसीजर बोलवा आणि इथेच थांबा.
 – दोन्ही नसेल तर टायमर पुन्हा सुरू करा. फॉर्म दाखवल्यावरही टायमर पुन्हा लावायचाच.

फाईल बंद होण्याआधी सूचना दिसलेलीच असावी, ही अट मी मुद्दाम घातली आहे. जेवणाच्या सुट्टीत संगणक स्लीपमध्ये गेला आणि परत आल्यावर माऊस हलवला, की एक्सेलला एकदम चाळीस मिनिटं गेलेली दिसतात. ही अट नसेल तर माणूस खुर्चीत बसता बसता त्याच्या डोळ्यांसमोर फाईल बंद होईल.

५. फाईल बंद करणारी प्रोसीजर: आधी टायमर थांबवा, फॉर्म अनलोड करा. मग सेव्हकॉपीॲज वापरून ‘अर्धवट’ फोल्डरमध्ये प्रत ठेवा. फोल्डरचा पत्ता कोडमध्ये इंग्रजी अक्षरांत हवा, आणि फाईलच्या नावात तारीख-वेळ आली म्हणजे एकावर एक प्रती बसत नाहीत. शेवटी धिसवर्कबुकचं क्लोज, सेव्हचेंजेस ट्रू किंवा फॉल्स, तुम्ही ठरवलं असेल तसं.

६. फॉर्मवर एक लेबल आणि एक बटण. फॉर्मच्या इनिशियलाइजमध्ये त्यांची वाक्यं बी३ आणि बी४ मधून घ्या. बटणाच्या क्लिकमध्ये हालचालीची वेळ आत्ताची करा, सूचनेची वेळ शून्य करा आणि फॉर्म अनलोड करा. फॉर्म दाखवताना ‘व्हीबीमोडलेस’ लिहायला विसरू नका. नेहमीच्या पद्धतीने दाखवलेला फॉर्म किंवा मेसेज बॉक्स उत्तर मिळेपर्यंत एक्सेलला अडवून ठेवतो. खुर्चीत कोणी नसेल तर उत्तर मिळणार नाही, आणि फाईल रात्रभर तशीच उघडी राहील. सोबत एक बीप वाजवा, खोलीत माणूस असेल तर त्याचं लक्ष जाईल.

७. आता धिसवर्कबुकमध्ये. वर्कबुक_ओपनमध्ये पहिल्यांदा धिसवर्कबुकचं रीडओन्ली तपासा. फाईल वाचण्यापुरती उघडली असेल तर टायमर लावूच नका: तिने कोणाला अडवलेलं नाही, आणि ती सेव्ह करायला गेलात तर नवं नाव विचारणारी खिडकी येऊन सगळं तिथेच थांबेल. तशी नसेल तर हालचालीची वेळ टिपून टायमर सुरू करा.

८. शीटचेंज (सेल बदलला) आणि शीटसिलेक्शनचेंज (दुसरा सेल निवडला) या दोन्ही इव्हेंटमध्ये तेच काम: वेळ टिपा, सूचना दिसत असेल तर फॉर्म काढा आणि सूचनेची वेळ शून्य करा. आणि फाईल रीडओन्ली नसताना ‘पुढची तपासणी’ शून्य दिसली तर टायमर पुन्हा सुरू करा.

९. बिफोरक्लोजमध्ये टायमर थांबवा. हे राहिलं तर माणसाने फाईल बंद केली पण एक्सेल चालू ठेवलं, की मिनिटाभरात एक्सेल ती फाईल स्वतःहून पुन्हा उघडतं. नवख्या माणसाला हा प्रकार भुताटकीसारखा वाटतो. कारण मात्र एवढंच असतं, की लावलेला टायमर रद्द झालेला नाही.

आठव्या पायरीतलं शेवटचं वाक्य कशासाठी, तेही इथेच कळेल. कोणी बंद करायला जातो, टायमर थांबतो, मग ‘सेव्ह करायचं का’ असा प्रश्न येतो आणि तो कॅन्सल दाबतो. फाईल उघडीच राहते, टायमर मात्र गेलेला असतो. पुढच्या क्लिकला तो परत लागला पाहिजे.

प्रत्येक संगणकावर मॅक्रोला परवानगी

मॅक्रो बंद असतील तर वरचं काहीही चालत नाही. एक्सेलच्या ऑप्शन्समधून ट्रस्ट सेंटर, त्यातून ट्रस्टेड लोकेशन्स. तिथे नेटवर्कवरच्या जागांना परवानगी देणारा चौकोन टिकमार्क करून फक्त आवक फाईलचा फोल्डर जोडा. सगळी ड्राइव्ह जोडू नका: त्या जागेतल्या कोणत्याही फाईलचा मॅक्रो न विचारता चालेल, आणि व्हॉट्सॲपवरून आलेली एखादी फाईल तिथे पडली तर महागात पडेल.

लाल पट्टी येऊन मॅक्रो अडवले गेले तर शेअरचा पत्ता बघा. पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या नावाऐवजी आयपी आकडा टाकून फोल्डर उघडलेला असतो. तसा पत्ता विंडोज इंटरनेटवरचा समजतं आणि त्यातले मॅक्रो रोखतं. संगणकाच्या नावाने शेअर जोडा.

काट्यावरच्या संगणकाची स्लीपची वेळ पंधरा मिनिटांपेक्षा बरीच जास्त ठेवा. झोपलेल्या संगणकात टायमर चालत नाही.

चाचणी

बी१ आणि बी२ मध्ये १ लिहा म्हणजे वाट बघावी लागणार नाही. एका संगणकावर फाईल उघडून सोडा, दुसऱ्यावरून उघडून बघा. सूचना येते का, मराठी नीट दिसतं का, बटण दाबल्यावर वेळ वाढते का, बंद झाल्यावर ‘अर्धवट’मध्ये प्रत आली का, आणि ती उघडून शेवटची ओळ खरंच आहे का. मग बंद करताना कॅन्सल दाबून बघा. हे सगळं जमल्यावरच गर्दीच्या दिवशी वापरायला द्या, आणि देताना सगळ्यांना समोर बसवून सूचना कशी दिसते ते दाखवा.

एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा: नुसतं वाचणं किंवा स्क्रोल करणं याला एक्सेल हालचाल मानत नाही. कॅशियर यादी वाचत बसला असेल तर सूचना येईल. बटण दाबलं की झालं.

मॅक्रोला जे जमत नाही

सेलमध्ये अर्धा आकडा लिहून, एंटर न दाबता माणूस उठला, तर ऑनटाइम चालत नाही. एक्सेल एडिटमधून बाहेर येईपर्यंत तपासणी खोळंबते, मग तास गेला तरी. काट्यावर हेच सर्वांत जास्त घडतं, कारण वजन टाइप करता करता बाहेरून हाक येते. म्हणून उठण्याआधी एंटर दाबण्याची सवय लावावीच लागते. मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरांत ‘आधी एंटर’ अशी चिठ्ठी चिकटवा.

तरीही फाईल अडलीच तर ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा. शेअर्ड फोल्डर्सखाली ओपन फाइल्समध्ये कोणी काय उघडलं आहे ते दिसतं, आणि राइट क्लिक करून फाईल जबरदस्तीने मोकळी करता येते. पण तिकडच्या माणसाच्या न सेव्ह केलेल्या नोंदी यात जाऊ शकतात, म्हणून आधी त्याला फोन लावा. तो फोन उचलत नसेल आणि दारात शेतकरी ताटकळत असेल, तेव्हाच हे करा. नंतर त्याच्या पडद्यावरच्या नोंदी कागदावर उतरवून घ्यायला सांगा. त्याने तीच जुनी फाईल पुन्हा सेव्ह केली तर मधल्या काळातल्या गाड्या पुसल्या जातील.

वीज जाऊन संगणक बंद पडला तर ती लपलेली छोटी फाईल मागे राहू शकते, आणि मग कोणीच वापरत नसताना ‘वापरात आहे’ असं दिसतं. ओपन फाइल्समध्ये खरंच कोणी नाही याची खात्री करा, मग ती छोटी फाईल पुसा.

पुढे मॅक्रोत बदल करायचा असेल तर एक्सेलच्या फाईल मेनूतून फाईल उघडताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे ओपनचा मॅक्रो चालत नाही. पण एक क्लिक केलंत की आठव्या पायरीमुळे टायमर लागतो, म्हणून लगेच एडिटरमध्ये जा. कोडला पासवर्ड लावायचा असेल तर टूल्समधल्या प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये प्रोटेक्शन आहे. तो पासवर्ड मालकांच्या वहीत लिहून ठेवा, कारण काटा सांभाळणारा माणूस पुढच्या हंगामात बदलू शकतो. आणि ‘अर्धवट’ फोल्डर दर आठवड्याला उघडा: त्यातली प्रत आणि मूळ आवक पडताळून, चुकारा झालेल्या गाड्यांच्या प्रती काढून टाका.